मागावर चढण्याआधी उमटलेली नक्षी

वडवणीहून बीडला यावं, गेवराईमार्गे शहागडला गोदावरी ओलांडावी, अंबड मागे टाकावं, की जालना येतं. बियाण्यांच्या कंपन्या, सळयांचे कारखाने, मोसंबीचा बाजार ही आपल्याला असलेली जालन्याची ओळख. गुजरातमधल्या पाटण शहरात पटोला विणणारी साळवी घराणी मात्र जालन्याचं नाव घेतात ते आपलं मूळ गाव म्हणून.

त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी. बाराव्या शतकात पाटणच्या गादीवर सोळंकी घराण्यातला कुमारपाळ होता. जैन धर्मावर त्याची मोठी निष्ठा. रोज पूजेला बसताना तो नवं कोरं पटोला नेसे, आणि ही वस्त्रं जालन्याहून येत. एके दिवशी त्याच्या कानावर आलं, की जालन्याचा राजा ही वस्त्रं आधी स्वतः अंथरायला वापरतो आणि मगच बाहेर विकतो. म्हणजे इतके दिवस देवापुढे आपण ओवळं नेसून बसलो! कुमारपाळानं जालन्यावर स्वारी केली आणि साळव्यांची सातशे कुटुंबं पाटणला नेऊन वसवली.

स्वारीचा तपशील आणि सातशेचा आकडा हा आख्यायिकेचा भाग; त्याला इतिहासाचं वजन देता येणार नाही. पण जालन्याचं नाव मला खरं वाटतं. पाटणसारख्या वैभवशाली राजधानीत शतकानुशतकं नांदलेल्या विणकरांनी दख्खनच्या एका गावाला आपलं मूळ म्हणून धरून ठेवावं, याला आठवणीशिवाय दुसरं कारण दिसत नाही. तो काळही या कथेला अनुकूल आहे. त्याच शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि राजानं कोणत्या ऋतूत कसली वस्त्रं वापरावीत याचं त्यात वेगळं प्रकरण आहे. दख्खनमध्ये कापडाची जाण होती, पारख होती, आणि पैठणसारखी पेठ जवळच होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या काही वस्त्रांवर पटोल्याच्या जातीची नक्षी दिसते, असंही अनेक अभ्यासक सांगतात. रंगवलेल्या भिंतीवरून विणीची खात्री करता येत नाही, म्हणून तो पुरावा मी इशारा म्हणूनच घेतो.

कथेतली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कापडावरून पेटलेलं हे भांडण किमतीवरून नव्हतं, सोवळ्यावरून होतं. पटोला आणि त्याची भावंडं जिथे जिथे टिकली, तिथे ती कुठल्या ना कुठल्या विधीच्या आधारानं टिकली, हे पुढे दिसेलच. त्याआधी हे कापड घडतं कसं ते पाहू, कारण विधीत त्याला मिळालेल्या मानाचं मूळ त्याच्या घडणीतच आहे.

कापडावर नक्षी आणण्याच्या वाटा आपल्या ओळखीच्या आहेत. पैठणीत ती मागावर, विणताविणता येते. रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या हातानं फिरवत विणकर मोर आणि वेल भरतो. छापील कापडात ती विणून झाल्यावर ठशानं येते. बांधणीतही कापड आधी विणून तयार असतं. मग त्याच्या चिमटी धरून गाठी मारायच्या आणि रंगात बुडवायचं. पटोला ज्या पद्धतीनं घडतो त्या इकतमध्ये गाठी पडतात त्या सुट्या धाग्यांवर. कापड अजून जन्मालाच आलेलं नसतं. मागावर धागा चढतो तेव्हा त्याच्या अंगावर रंग आधीच ठरल्या जागी बसलेले असतात. विणकराचं काम ते रंग एकमेकांसमोर आणण्याचं. इकत हे नावही मलय भाषेतल्या बांधणे या अर्थाच्या शब्दावरून जगभर रूढ झालं. ओडिशात याच कामाला बांधा म्हणतात.

प्रत्यक्ष काम असं चालतं. धाग्यांचे पुंजके करून ते चौकटीवर ताणून बसवायचे. त्यांवर नक्षीच्या हिशेबानं खुणा करायच्या. जिथे पांढरं राहायला हवं तिथे दोऱ्यानं घट्ट आवळून बांधायचं आणि पुंजका रंगात बुडवायचा. वाळला की काही गाठी सोडायच्या, काही नव्या मारायच्या, दुसऱ्या रंगात बुडवायचा. जितके रंग, तितक्या वेळा बांधणं, सोडणं, वाळवणं. गाठ सैल पडली तर रंग आत झिरपतो. बांधणी बोटभर सरकली तर पुढे कापडावर हत्तीची सोंड त्याच्या पाठीवर उगवते. ही चूक लक्षात येते तेव्हा ती दुरुस्त करायची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

एवढं करून फक्त ताणा, म्हणजे उभे धागे रंगवले, किंवा फक्त बाणा, म्हणजे आडवे धागे रंगवले, तर ते एकेरी इकत. ताणा आणि बाणा दोन्ही असे बांधून रंगवायचे आणि विणताना उभ्या धाग्यावरचं लाल आडव्या धाग्यावरच्या लालावर नेमकं आणून बसवायचं, हे दुहेरी इकत. ते जगात फार थोड्या ठिकाणी होतं, मुख्यतः पाटणला, तेलंगणात, बालीतल्या एका गावात आणि जपानच्या काही भागांत. पाटणच्या मागावर दोघे जण बसतात. माग एका बाजूला कललेला असतो. वीतभर विणायचं, थांबायचं, ताण सैल करायचा आणि सुईच्या टोकानं एकेक धागा सरकवून नक्षी जुळवायची. दिवसभरात आठ-नऊ इंच कापड झालं तर चांगलं झालं. एका साडीला तीन-चार माणसांचे चार ते सहा महिने जातात. तिची किंमत लाखांत सांगतात तेव्हा लोक चमकतात. मला या हिशेबापुढे ती किंमत अवाजवी वाटत नाही.

या पद्धतीतून दोन गोष्टी आपोआप येतात, आणि विधींना त्या फार आवडल्या असाव्यात. पहिली, या कापडाला उलटी बाजू नसते. रंग धाग्यातच असल्यामुळे दोन्हीकडून तेच रूप. दुसरी, नक्षी पुसली जात नाही. पटोल्यावर पडलेली ‘भात’, म्हणजे नक्षी, फाटेल पण फिटणार नाही, अशा अर्थाची म्हणच गुजरातीत आहे, आणि ती दिलेल्या शब्दाबद्दल, जडलेल्या प्रीतीबद्दल वापरतात.

गुजरातमध्ये सातव्या महिन्यातल्या सीमंताला, म्हणजे आपल्या डोहाळजेवणाच्या वेळी, गर्भवतीनं पटोला नेसायची रीत अनेक ज्ञातींत होती. लग्नात वराला ओवाळायला येणारी वधूची आई पटोल्यात असे. काही घरांत नवरदेवाच्या खांद्यावरही तो येई. नक्षीही ज्ञातीप्रमाणे ठरलेली. स्त्रिया, हत्ती, पोपट असलेली नारीकुंजर भात हिंदू आणि जैन घरांत; माणसं-प्राणी नसलेली, निव्वळ भौमितिक वोहरागजी भात बोहरा मुसलमानांच्या घरांत. विणकर एकच, माग एकच, आणि दोन धर्मांची मंगलकार्यं त्यावर सजत होती.

पाटण आणि मराठी माणूस यांचाही एक धागा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. अठराव्या शतकात दमाजी गायकवाडांनी पाटण घेतलं आणि काही काळ तीच त्यांची राजधानी होती. पुढे १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत पाटणवर गायकवाडांचं राज्य होतं. म्हणजे पटोला विणणाऱ्यांचे राजे पावणेदोनशेहून अधिक वर्षं मराठी होते. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, बडोद्याला कलाभवन निघालं. तिथे रंगाईचं आणि विणाईचं शास्त्रशुद्ध शिक्षण मिळू लागलं. आणखी एक योग: १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० या काळात द्विभाषिक मुंबई राज्यात जालना आणि पाटण ही दोन्ही गावं एकाच राज्यात होती. साळव्यांचं मूळ गाव आणि राहतं गाव आठ शतकांनी एका राज्य सरकारखाली आलं, ते साडेतीन वर्षांसाठी.

आता वडवणीहून दुसऱ्या दिशेला, आग्नेयेला वळू. १९५६ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्यात नळगोंडा जिल्ह्यातली पोचमपल्ली आणि पुट्टपाका ही विणकरांची गावं होती. आज तेलंगणाचं म्हणून आपण ज्या इकतकडे परकेपणानं पाहतो, ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या राज्यातलंच कापड. पोचमपल्लीचं नाव मराठी वाचकाला विनोबांमुळे ठाऊक असतं. १८ एप्रिल १९५१ रोजी तिथेच रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झालं. गावाचं नावच पुढे भूदान पोचमपल्ली झालं. त्या गावात माग होते, हे आपल्या भूदानाच्या वाचनात कुठे येत नाही, याची मला खंत वाटते.

या मुलखाचं जुनं, खानदानी इकत म्हणजे तेलिया रुमाल. ते मूळचं समुद्रकाठच्या चिराल्याचं; तिथून ही विद्या नळगोंड्याकडे आली. चौकोनी सुती कापड, लाल, काळा आणि पांढरा एवढेच रंग, आणि विण पटोल्यासारखी दुहेरी. ते अरबस्तानात निर्यात होई, किनाऱ्यावरचे कोळी ते डोक्याला बांधत, आणि निजामाच्या दरबारातल्या स्त्रिया त्याची ओढणी घेत. नावातलं तेल अगदी खरं आहे. एरंडाची बोंडं जाळून त्यांची राख करायची, ती पाण्यात कालवून निवळ काढायची, त्यात तेल घालून सूत त्यात भिजवायचं, मळायचं, उन्हात वाळवायचं, आणि हे कित्येक दिवस रोज करायचं. तयार कापडाला तेलाचा वास राहतो.

हा खटाटोप का? रेशीम प्राणिज आहे, त्याच्या प्रथिनाला रंग सहज धरतो. कापूस तसा नाही. साध्या कापसाच्या धाग्यावर मंजिष्ठेचा किंवा बारतोंडीच्या मुळांचा लाल रंग फिका बसतो आणि धुण्यात जातो. राखेतला क्षार आणि तेल एकत्र आले, की त्यांचं साबणासारखं मिश्रण होऊन ते धाग्याच्या आत मुरतं. पुढे तुरटी आणि लाल रंग यांना धरून ठेवणारा घट्ट आधार त्यातून तयार होतो. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. बांधावरचा एरंड आणि चुलीतली राख होती, आणि शेकडो वर्षं लक्षपूर्वक केलेलं काम होतं. कापूस आणि एरंड दोन्ही आपल्या बीडच्या शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातले. ही दोन पिकं एकत्र आली तर काय होऊ शकतं, हे त्याला सांगायला हवं.

तेल आणि राखेची हीच रीत सुमारे पाच हजार किलोमीटरवर, बाली बेटावर सापडते. तिथलं तेंगानान हे गाव दुहेरी इकत विणतं. त्या कापडाचं नाव गेरिंगसिंग. सूत कँडलनट नावाच्या बियांचं तेल आणि राख यांत महिन्याहून अधिक काळ मुरवतात, आणि लाल रंग बारतोंडीच्याच कुळातल्या झाडाच्या मुळांपासून घेतात. नीळ रंगवणं गावाच्या नियमात बसत नाही, म्हणून त्यासाठी सूत शेजारच्या बुगबुग गावात पाठवतात. एक वस्त्र पुरं व्हायला वर्षं लागतात, कारण रंग मुरायला तेवढा वेळ दिला जातो. ‘आजार नाही’ असा त्या नावाचा अर्थ स्थानिक लोक सांगतात, आणि वस्त्र अंगावर असेल तर पीडा जवळ येत नाही अशी श्रद्धा आहे. दात कानशीनं घासण्याचा संस्कार, लग्न, गावाचा वार्षिक उत्सव, सगळीकडे ते लागतं. काही विधींना तर मागावरून उतरवल्यावर ताणा न कापलेलं, वर्तुळाकार अखंड वस्त्रच चालतं.

त्या बाजूच्या बेटांवर पाटणचा पटोलाही पोचला होता. सोळाव्या शतकात मलाक्का बंदरात येणाऱ्या गुजराती मालात तो होता, असं पोर्तुगीज नोंदींत आहे. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीनं तो विकलाच, शिवाय तिथल्या राजांना आणि सरदारांना भेट म्हणून दिला, आणि मसाल्याचे करार त्या भेटींवर पक्के झाले. जावाच्या दरबारांत पटोल्याचा सुरवार खास समारंभांत घालत. फ्लोरेस आणि लेंबाता बेटांवर तो कुळाचा ठेवा झाला. हस्तिदंताबरोबर तो लग्नाच्या देवघेवीत मोजला जाई, पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राही आणि ठरावीक प्रसंगीच बाहेर निघे. पाटणच्या छाबडी भातीची नक्षी जावाच्या बाटिकमध्येही उतरली. आज जुन्या पटोल्याचे कित्येक उत्तम नमुने इंडोनेशियातूनच जगातल्या संग्रहालयांत गेलेले आहेत. ज्यांनी ते विणले त्यांच्या भूमीत ते नेसून विरले. ज्यांनी ते पूजले त्यांच्याकडे राहिले.

विधीनं कापड जगवल्याचा आपल्या देशातला याहून सुंदर दाखला पुरीचा. ओडिशातल्या नुआपाटणाचे विणकर रेशमी बांधा वस्त्रात जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’चे श्लोक विणतात. अक्षरं लिहिलेली नाहीत, भरतकामाची नाहीत. सुट्या धाग्यांवर गाठी मारून, रंगवून, मग मागावर ती जुळवून उभी केलेली. ही वस्त्रं जगन्नाथाला रात्रीच्या शृंगारात नेसवतात. देवाची ही गरज रोजची, म्हणून मागालाही काम रोजचं.

पाटणला अशी रोजची गरज उरली नाही. विसाव्या शतकात इंडोनेशियाचा व्यापार मंदीत आणि दुसऱ्या महायुद्धात संपला. घरच्या लग्नात आणि सीमंतात पटोल्याऐवजी गिरणीचं रेशीम आलं. सातशे कुटुंबांच्या कथेतल्या शहरात हे काम करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिली. २०१३ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, साळवी घराण्यानं उभारलेलं संग्रहालय, परदेशी अभ्यासकांचे ग्रंथ यांनी प्रतिष्ठा परत आली. पण प्रतिष्ठेनं माग फार चालत नाहीत. त्यांना दर लग्नसराईला येणारं गिऱ्हाईक लागतं.

तेलंगणानं दुसरा मार्ग धरला. पोचमपल्लीच्या विणकरांनी एकेरी इकतच्या साड्या, चादरी, ड्रेसचं कापड काढलं आणि बांधायला दोऱ्याऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घेतल्या. २००४ च्या सुमाराला त्यांना मानांकन मिळालं. तिथल्या एका कामाची गोष्ट मला प्रत्येक वेळी हलवते. बांधणीआधी रेशीम अर्धवर्तुळात रोवलेल्या खुंट्यांवरून पुढे-मागे फिरवावं लागतं. त्याला आसू म्हणतात. एका साडीला हात सुमारे नऊ हजार वेळा हलतो, आणि हे काम बायका करत. चिंतकिंदी मल्लेशम यांनी आईचा खांदा या कामानं दुखून निकामी होताना पाहिला. शाळा लवकर सुटलेला हा माणूस सात वर्षं खटपट करत राहिला आणि १९९९ साली त्यांनी आसूचं यंत्र बनवलं. आईच्या नावावरून त्याचं नाव लक्ष्मी ठेवलं. चार-पाच तासांचं काम दीड तासावर आलं. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बांधणी, रंगाई, विणाई हातानंच राहिली. गेलं ते शरीर झिजवणारं काम. परंपरा जपणं म्हणजे काय, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उत्तर हे आहे.

आपल्या बाजारात, वडवणीपासून परळीपर्यंत कुठल्याही साडीच्या दुकानात, आज ‘पटोला’ मागितला तर भरपूर निघतात. बहुतेक पॉलिस्टरवर छापलेले. ते नेसू नयेत असं मी म्हणणार नाही, हजार-पाचशेत लग्नाची हौस होते. पण छापील कापड हातमागाच्या भावात गळ्यात पडू नये म्हणून परीक्षा माहीत हवी. छापील कापडाची मागची बाजू फिकी असते. खऱ्या इकतमध्ये दोन्ही बाजू सारख्या असतात, आणि आकृतीच्या कडा किंचित विस्कटलेल्या, पिसासारख्या दिसतात, कारण धागे केसभर सरकतातच. खात्रीचा उपाय म्हणजे टोकाचा एक सुटा धागा काढून पाहणं. एकाच धाग्यावर थोडं लाल, थोडं पांढरं, पुन्हा लाल असे रंग पालटत गेले असतील तर तो बांधून रंगवलेला आहे. एकेरी इकतमध्ये उभा किंवा आडवा, एकाच दिशेचा धागा असा निघेल, दुहेरीत दोन्ही.

आणि विधीचं म्हणाल, तर आपल्या लग्नात एक जागा या कापडासाठी जणू मोकळीच आहे. अंतरपाट. मंगलाष्टकं होईपर्यंत वधू-वरांच्या मध्ये धरलेलं हे वस्त्र एका बाजूनं ती पाहते, दुसऱ्या बाजूनं तो. सुलट-उलट असा भेद नसलेलं कापड यापेक्षा दुसरीकडे कुठे शोभेल? आज आपण त्यासाठी पांढऱ्या कापडाला कुंकवाचं स्वस्तिक काढतो किंवा बाजारातला झगमगीत तयार अंतरपाट आणतो. तेलिया रुमाल चौकोनी आणि सुती आहे, पटोल्याच्या तुलनेत तो परवडतो, आणि तो आपल्याच जुन्या राज्यातला. एक अडचण खरी आहे: त्याच्या काळ्या रंगाला घरची वडीलधारी मंडळी मंगलकार्यात हरकत घेतील, आणि त्यांचं ऐकायलाच हवं. त्यावर उपाय मागावरच आहे. रंग बांधणीआधी ठरतो, म्हणून लाल-पांढरा किंवा हळदी-लाल रुमाल विणून मागता येतो. स्वस्तिकसुद्धा धाग्यातच बांधून घेता येतं. फक्त हे काम तिथीच्या तोंडावर सांगून होत नाही. सूत तेलात मुरायला, बांधायला, रंगायला, विणायला त्याचा त्याचा वेळ लागतो, म्हणून मागणी साखरपुडा झाला की लगेच नोंदवावी, आणि आगाऊ रक्कम विणकराच्या हाती ठेवावी, म्हणजे त्याला सूत उधारीवर आणावं लागणार नाही.